तुपाचा शेअर, सॉफ्टवेअरचा पगार

मराठी मध्यमवर्गीय घरात सॉफ्टवेअर कंपन्यांच्या शेअरचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, ‘तेव्हा घेतले असते तर आज...’ आणि दुसरं, ‘आपल्याला काही त्यातलं कळत नाही बुवा.’ बऱ्याचदा ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून पाच मिनिटांच्या अंतराने येतात. पहिल्यात हळहळ असते. दुसऱ्यात मात्र थोडी बढाई असते. कळत नाही हे सांगताना आवाज खाली जात नाही, उलट जरा चढतो. न कळणं ही जणू सज्जनपणाची खूण. या दोन वाक्यांच्या मध्ये जे काही आहे, त्याबद्दल मला लिहायचं आहे.

माझा अधिकार काय, ते आधी सांगते. अर्थशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. १९९१ ते २००३ अशी बारा वर्षं मी अंधेरीला एका रजिस्ट्रारच्या कचेरीत नोकरी केली. रजिस्ट्रार म्हणजे कंपन्यांच्या वतीने भागधारकांची नोंदवही सांभाळणारी संस्था. शेअर कागदाचे होते तेव्हा विकलेला प्रत्येक शेअर नव्या मालकाच्या नावावर चढवण्यासाठी आमच्याकडे यायचा. सोबत ट्रान्सफर डीड नावाचा फॉर्म, त्यावर विकणाऱ्याची सही. ती सही आमच्या कार्डावरच्या नमुन्याशी जुळवून पाहायची, जुळली नाही तर ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारून कागद परत पाठवायचा, हे माझं काम. उमेळ्याच्या घरून नायगाव स्टेशन, तिथून आधीच भरून आलेली विरार लोकल, आणि मग दिवसभर सह्या. शेअरबाजाराबद्दल लिहिणारे बहुतेक जण भाव पाहतात. आम्ही नावं पाहिली. नोकरी सुटल्यावर जुने वार्षिक अहवाल, रद्दीत निघालेली प्रमाणपत्रं, सेबीची परिपत्रकं असं मिळेल ते वाचत गेले, आणि वसई परिसरातल्या लोकांशी बोलत राहिले.

न जुळणाऱ्या सह्यांमध्ये बायकांच्या सह्या फार असत. शेअर घेताना नवऱ्याने प्राप्तिकराच्या सोयीसाठी किंवा जास्त अर्ज टाकले तर नशीब उघडेल म्हणून बायकोच्या नावाने अर्ज भरलेला असायचा. तिने लग्नानंतर नव्यानेच शिकलेल्या नावाची सही, सावकाश, देवनागरीत, एकेक अक्षर सुटं काढलेली. पंधरा-वीस वर्षांनी तीच बाई बँकेत, शाळेत, रेशनकार्डावर सह्या करून सराईत झालेली असायची आणि नवी सही जुनीला ओळखतच नसे. मग आमचं पत्र जायचं : बँक व्यवस्थापकाकडून सही साक्षांकित करून आणा. अशी पत्रं घेऊन काही बायका थेट कचेरीत येत. त्यांतल्या कितीतरी जणींना आपल्या नावावर शेअर आहेत हे त्या पत्रामुळेच कळलेलं असायचं. ‘यांनी कधी सांगितलंच नाही हो,’ हे वाक्य मी त्या खिडकीशी इतक्यांदा ऐकलं, की शेअर ही आपल्याकडे मुळात न सांगायची मालमत्ता आहे, हा माझ्या अभ्यासाचा पहिला निष्कर्ष तिथेच निघाला. सोनं अंगावर दिसतं. फ्लॅटला वास्तुशांत होते. बँकेतल्या ठेवीचा उल्लेख मुलीचं लग्न ठरवताना आडून का होईना होतो. शेअरला मात्र सोहळा नाही.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं, की मराठी माणूस जोखीम घेत नाही. हे मला कधीच पटलेलं नाही. माझ्या भोवतालचा मध्यमवर्ग गेल्या पस्तीस वर्षांत मुंबईतून वसई-विरारला आला तो कर्ज काढून, बऱ्याचदा बांधकाम परवान्याचा कागद नीट न पाहता. नालासोपाऱ्यातल्या ४१ बेकायदा इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४-२५मध्ये पाडल्या गेल्या, तेव्हा त्यांतल्या कुटुंबांनी आयुष्यभराची कमाई एकाच ठिकाणी लावली होती. सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांसाठी फक्त १ हजार रुपये काढता येतील असं सांगितलं. त्या बँकेने कर्जाची खैरात ज्या एचडीआयएल कंपनीवर केली होती, तिचे मोठे गृहप्रकल्प आमच्याच पट्ट्यात होते. ही जोखीम नाही तर काय? पण फ्लॅट आणि ठेव यांना आपण जोखीम म्हणत नाही, संसार म्हणतो. शेअरला मात्र ‘सट्टा’ हा शब्द १८६५पासून चिकटला आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला चढलेला भाव युद्ध संपताच कोसळला आणि बॅकबेच्या भरणीचे शेअर घेतलेली मुंबई बुडाली, तेव्हापासून.

तंत्रज्ञान कंपन्यांच्या बाबतीत या जुन्या संकोचात आणखी एक पदर मिसळला. तो समजून घ्यायला खानदेशात जावं लागतं.

फेब्रुवारी २०२४मध्ये अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. या अंकाचे काही वाचक तिथे गेले असतील आणि साने गुरुजींचं गाव म्हणून त्यांनी ते पाहिलं असेल. गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. गरिबीतल्या स्वाभिमानाचं जे पाठ्यपुस्तक त्यांनी पुढे ‘श्यामची आई’च्या रूपाने महाराष्ट्राला दिलं, त्यावर आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. प्रताप शेठजींचं तत्त्वज्ञान मंदिरही तिथलंच. मी संमेलनाला गेले ती मात्र थोडी वेगळ्या ओढीने. २९ डिसेंबर १९४५ रोजी नोंदली गेलेली ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी अमळनेरची. महंमद हाशम प्रेमजींनी ती काढली. भुईमुगाचा मुलूख, त्यामुळे तेल. तेलापासून ‘सनफ्लॉवर’ छापाचं वनस्पती तूप. आणि त्या उद्योगातून जे उरतं त्यापासून ‘७८७’ नावाचा कपड्यांचा साबण. कंपनीचे शेअर गावातल्या आणि आसपासच्या घरांत गेले. १९६६मध्ये प्रेमजी वारले आणि त्यांचा मुलगा अझीम स्टॅनफर्डमधलं शिक्षण अर्धवट सोडून एकविसाव्या वर्षी कारभार पाहायला आला. १९७७मध्ये कंपनीचं नाव ‘विप्रो प्रॉडक्ट्स’ झालं. विदेशी कंपन्यांनी भारतातला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा असा १९७३च्या ‘फेरा’ कायद्याचा आग्रह होता, तो न मानता आयबीएमने १९७८मध्ये इथला गाशा गुंडाळला. संगणकाच्या बाजारात जागा मोकळी झाली. तुपाची कंपनी त्या जागेत शिरली.

आता हिशेब. १९८०मध्ये एखाद्याकडे १०० रुपये दर्शनी किमतीचा विप्रोचा एक शेअर होता असं धरू. १९८१ आणि १९८५मध्ये एकास एक बोनस : चार शेअर झाले. १९८६मध्ये १०० रुपयांच्या शेअरचे १० रुपयांचे दहा तुकडे झाले : चाळीस. १९८७, १९८९, १९९२, १९९५ असे चार वेळा पुन्हा एकास एक : ६४०. १९९७मध्ये एकास दोन : १,९२०. १९९९मध्ये दहाच्या शेअरचे दोन रुपयांचे पाच : ९,६००. पुढे २००४, २००५, २०१०, २०१७, २०१९ आणि डिसेंबर २०२४ असे बोनस धरत गेलं की त्या एका शेअरचे आज ५,१२,००० शेअर होतात. अडीचशे रुपयांचा भाव धरला तरी पावणेतेरा कोटींच्या वर. लाभांश वेगळा.

हा हिशेब अमळनेरला कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण अमळनेरचं उदाहरण देणारे जे एक सांगायचं विसरतात ते असं, की अमळनेरकरांनी तंत्रज्ञानात पैसे गुंतवलेच नव्हते. त्यांनी तुपात गुंतवले होते. तंत्रज्ञान त्यांच्याकडे चालत आलं. पेटीतला कागद तोच राहिला आणि त्याच्या मागची कंपनी बदलली. भुईमुगाचा व्यापार कळणाऱ्या माणसाने, आपल्याला दिसणाऱ्या कारखान्यात, ओळखीच्या मालकावर भरवसा ठेवून पैसे दिले होते. याला दूरदृष्टी म्हणणं म्हणजे नंतरच्या शहाणपणाचं श्रेय आधीच्या माणसाला देणं.

मग त्यांनी ते विकले का नाहीत? बरेच विकले गेलेच. लग्नं, विहिरी, घरं, दवाखाना, शेअर कशालाही कामी येतो. पण ज्यांच्याकडे राहिले त्यांच्याकडे का राहिले, याबद्दलचा माझा तर्क रजिस्ट्रारच्या खिडकीतून आलेला आहे. कागदी शेअर विकणं हे कष्टाचं काम होतं. दलाल लांब, भाव रोज कळायची सोय नाही, फॉर्म इंग्रजी, सही जुळण्याची धास्ती, महिन्या-दोन महिन्यांची वाट. त्यात गाव लहान. कंपनीचा शेअर विकला ही बातमी कंपनीतल्या माणसांपर्यंत जाणार. ‘आपल्या’ कंपनीचा कागद मोडणं हे अडीअडचणीचं लक्षण. ते चारचौघांत उघड होऊ नये म्हणून तो मोडायचा नाही. ज्या लाजेने मध्यमवर्गाला शेअर विकत घेऊ दिले नाहीत, त्याच लाजेने इथे विकू दिले नाहीत. आज मोबाइलवर बोट टेकवून तीन सेकंदांत शेअर विकता येतो. या सोयीने अमळनेरात किती घरं श्रीमंत राहिली असती, याचा विचार गुंतवणुकीचे सल्लागार सहसा करत नाहीत.

अमळनेरशी ताडून पाहावी अशी दुसरी कंपनी पुण्याची. इन्फोसिस आज बंगळुरूची म्हणून ओळखली जाते, पण २ जुलै १९८१ला ती नोंदली गेली पुण्यात. सुधा मूर्तींनी नवऱ्याला दिलेल्या १० हजार रुपयांची कथा महाराष्ट्रात सर्वांना पाठ आहे. फेब्रुवारी १९९३मध्ये कंपनीने १० रुपयांचा शेअर ९५ रुपयांना लोकांपुढे ठेवला. आदल्याच वर्षी हर्षद मेहता प्रकरण झालेलं, लोक पोळलेले. शिवाय ही कंपनी बनवते काय, हे दाखवता येत नव्हतं. चिमणी नाही, गोदाम नाही, डबा नाही. विक्री पुरी भरली नाही. मॉर्गन स्टॅन्ले या अमेरिकन संस्थेने १३ टक्के हिस्सा उचलला तेव्हा ती तडीला गेली. तेव्हाच्या १०० शेअरचे, म्हणजे साडेनऊ हजार रुपयांचे, बोनस आणि विभाजनं धरून २०१८पर्यंत १,०२,४०० शेअर झाले. ‘तेव्हा घेतले असते तर’ हे वाक्य सर्वांत जास्त वेळा ज्या कंपनीबद्दल म्हटलं जातं ती हीच. ते म्हणणाऱ्याला मी हळूच विचारते, तेव्हा म्हणजे केव्हा? कारण तेव्हा हे शेअर पडून होते आणि घ्यायला कुणी नव्हतं. महाराष्ट्रातल्या ज्या इंजिनिअरांनी या कंपनीत नोकरी धरली, त्यांच्या घरीही त्या काळात पेढे वाटले गेले ते सरकारी नोकरी लागलेल्या भावाचे.

लोक तंत्रज्ञानाचे शेअर म्हणून शेअर घ्यायला जाणूनबुजून धावले ते १९९९मध्ये. आमच्या कचेरीतला तो काळ मला दिवसाच्या तपशिलासह आठवतो, कारण डिमॅट येऊनही कागदांचे ढीग कमी होत नव्हते. नोव्हेंबर १९९६मध्ये एनएसडीएल सुरू झालं होतं आणि कागद हळूहळू संपणार हे आम्हाला कळलं होतं, पण वर्षभर ओव्हरटाइम चालला. लोकलच्या महिला डब्यात, जिथे एरवी भिशी, साड्या आणि सासवा यांच्यापलीकडे पैशाचा विषय जात नसे, तिथे सिल्व्हरलाइन, पेंटामीडिया, डीएसक्यू सॉफ्टवेअर ही नावं ऐकू येऊ लागली. कंपनीच्या नावात ‘सॉफ्टवेअर’ किंवा ‘इन्फो’ असलं की पुरे. अंधेरीचं सीप्झ वाटेवरच. तिथल्या काचेच्या इमारतींत काय चालतं हे कुणाला सांगता येत नसलं तरी तिथून अमेरिकेला जाणारी शेजारची मुलं दिसत होती. अमळनेरच्या माणसाला तुपाचा डबा दिसत होता, आमच्या डब्यातल्या बायकांना व्हिसा दिसत होता. पुरावा म्हणून तो काही लहान नव्हता.

फेब्रुवारी २०००मध्ये बाजाराने शिखर गाठलं. विप्रोचा दोन रुपयांचा शेअर नऊ हजारांच्या पुढे गेला होता. वर्षभरात सगळं उतरलं. ज्या दहा-बारा कंपन्यांचे भाव केतन पारेखने फुगवले असं पुढे चौकशीत निघालं, त्यांत वरची नावं होती; मार्च २००१मध्ये त्याला अटक झाली. जुलै २००१मध्ये युनिट ट्रस्टने यूएस-६४ योजनेच्या युनिटांची खरेदी-विक्री सहा महिने थांबवली. या शेवटच्या घटनेचं महत्त्व मला सर्वांत अधिक वाटतं. सिल्व्हरलाइन घेणाऱ्याला निदान आपण काय करतोय याची थोडी कल्पना होती. यूएस-६४ मात्र १९६४पासून शिक्षकांनी, कारकुनांनी, विधवांनी बँकेसारखीच समजून घेतलेली योजना. तिच्यात शेअर असतात हेच अनेकांना माहीत नव्हतं. सट्ट्यापासून लांब राहिलेल्यांच्या घरीही सट्ट्याची झळ पोचली, आणि ‘आपल्याला त्यातलं कळत नाही’ हे वाक्य कवच म्हणून किती निरुपयोगी आहे ते दिसलं. पण ते वाक्य मेलं नाही. उलट अधिक जोराने म्हटलं जाऊ लागलं.

७ जानेवारी २००९ला सत्यमच्या रामलिंग राजूंनी कंपनीच्या हिशेबात हजारो कोटींची खोटी शिल्लक दाखवल्याचं पत्राने कबूल केलं. एका दिवसात शेअर १७९ रुपयांवरून ४०च्या आसपास आला. तेव्हा प्रथमच मी आमच्या भागात वेगळ्या प्रकारची भीती पाहिली. बुडालेल्या पैशाविषयी लोक गप्पच होते. बोलत होते ते नोकऱ्यांविषयी : सत्यममध्ये ५० हजारांवर माणसं कामाला होती आणि त्यांतली काही वसईची. एका घरात मुलगा सत्यममध्ये नोकरीला आणि ‘मुलाची कंपनी’ म्हणून बापाने निवृत्तीच्या पैशातून तिचेच शेअर घेतलेले. पगार आणि बचत एकाच फांदीवर. एप्रिलमध्ये टेक महिंद्राने कंपनी घेतली, नोकरी टिकली. बापाने शेअरचं काय झालं ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्या घरात जे अपघाताने झालं, ते आज मध्यमवर्गाचं सर्वसाधारण चित्र आहे. माझ्या मते संमिश्र भावनेचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

सॉफ्टवेअर सेवा देणाऱ्या भारतीय कंपनीचा हिशेब फार साधा असतो. परदेशी गिऱ्हाइकाकडून माणसांच्या कामाचे पैसे येतात, त्यातून माणसांचे पगार जातात, उरतो तो नफा. कच्चा माल नाही, यंत्रं जवळजवळ नाहीत. टीसीएस असो की इन्फोसिस, उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग पगारावर खर्च होतो. तुपाच्या कारखान्यात नफा वाढवायचा तर भुईमूग स्वस्त घेता येतो, इंधन वाचवता येतं, डबा बदलता येतो. इथे मुख्य कच्चा माल म्हणजे तुमचा-आमचा मुलगा. नव्याने लागणाऱ्या इंजिनिअरचा वार्षिक पगार दीड दशक तीन-साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळला, ही तक्रार कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या फाटकात ऐकायला मिळेल. त्याच काळात टीसीएसने २०१७पासून पाच वेळा स्वतःचे शेअर भागधारकांकडून परत विकत घेतले. त्यांची बेरीज ८३ हजार कोटी रुपये होते. हे बेकायदा नाही, लपूनछपूनही नाही. उरलेला नफा भागधारकाला द्यायचा, हा कंपनीचा धर्मच. पण ज्याला दिला तो भागधारक कोण? काही अंशी त्याच मुलाचा बाप, काकू, निवृत्त मास्तर.

जुलै २०२५मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्या आठवड्यात आमच्याकडे एका निवृत्त गृहस्थांशी बोलणं झालं. त्यांच्याकडे २००४च्या विक्रीत ८५० रुपयांनी मिळालेले टीसीएसचे थोडे शेअर आहेत, पुढच्या बोनसने वाढलेले. मुलगी दुसऱ्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत चाचणी विभागात. ते म्हणाले, “ताई, बातमी वाचली आणि पहिला विचार आला तो भावाचा. दुसरा आला पोरीचा. पहिला आधी आला याचंच वाईट वाटलं.” मध्यमवर्गाच्या गुंतवणुकीवर मी आजवर जे वाचलं, त्यात इतकं नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही.

आता यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर. अमेरिकेतल्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या नॅसडॅक निर्देशांकात भारतीय म्युच्युअल फंडातून पैसे घालण्याची सोय २०११पासून आहे. मधल्या काळात परदेशी गुंतवणुकीची ठरवून दिलेली मर्यादा भरत आल्याने फेब्रुवारी २०२२मध्ये असे फंड नवे पैसे घ्यायचे थांबलेही होते, इतकी मागणी होती. ज्या यंत्रांमुळे मुलीचं चाचणीचं काम जाऊ शकतं, ती यंत्रं बनवणाऱ्यांत बापाची एसआयपी. याला काही जण विमा म्हणतात : पोरीची नोकरी गेली तर निदान फंड वर गेलेला असेल. तर्क बिनचूक आहे. तरी तो तर्क पोरीसमोर मोठ्याने मांडलेला मी एकाही घरात ऐकलेला नाही. स्वतःच्या मुलाविरुद्ध पैज लावल्यासारखं ते वाटतं, आणि ते वाटणं मूर्खपणाचं नाही. पूर्वी सावकार आणि कूळ ही दोन वेगळी घरं होती. देहूच्या वाण्याने घरातली कर्जखतं इंद्रायणीत बुडवली अशी कथा आपण सांगतो, तेव्हा खतं कुणाची आणि कर्ज कुणाचं हे स्पष्ट असतं. आज दोन्ही कागद एकाच कपाटात असतात.

‘आम्ही शेअरच्या वाटेला जात नाही’ म्हणणाऱ्यांचं काय? त्यांना मी पीएफचं विचारते. भविष्य निर्वाह निधी संघटनेने ऑगस्ट २०१५पासून नव्याने येणाऱ्या रकमेतले ५ टक्के शेअर निर्देशांकाच्या फंडांत घालायला सुरुवात केली. दोन वर्षांत ते प्रमाण १५ टक्क्यांवर गेलं. हे फंड सेन्सेक्स-निफ्टीतल्या कंपन्या त्यांच्या वजनाप्रमाणे घेतात, आणि निफ्टीच्या पन्नासांत टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल टेक, टेक महिंद्रा, विप्रो आहेतच. म्हणजे पीएफमध्ये नव्याने पडणाऱ्या शंभर रुपयांतले दीड-दोन रुपये सॉफ्टवेअर कंपन्यांत जातात. नायगावच्या गाडीत उभ्याने जाणारा सुरक्षारक्षक, त्याचा पीएफ कापला जात असेल तर, अमळनेरच्या त्या तुपाच्या कंपनीचा बारीकसा वाटेकरी आहे. त्याला कुणी विचारलेलं नाही, सांगितलेलंही नाही. रजिस्ट्रारच्या खिडकीशी आलेल्या बायकांची गत आता पुष्कळांची झाली आहे, इतकंच की पत्र येत नाही.

तरुणांची गोष्ट निराळी, आणि तिच्यावर मी थोडक्यातच लिहिणार आहे, कारण तिला गुंतवणूक म्हणायची माझी तयारी नाही. मार्च २०२०मध्ये देशात सुमारे ४ कोटी डिमॅट खाती होती, मार्च २०२४मध्ये १५ कोटी. संकोच गेला, हे चांगलंच. पण त्यातले बरेच जण शेअर घेतच नाहीत, वायदे आणि ऑप्शन खेळतात. सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार तीन वर्षांत यातल्या ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला. एकूण १ लाख ८० हजार कोटींच्या वर. जुन्या पिढीने शेअरला सट्टा म्हणून टाळलं, नव्या पिढीने सट्ट्याला शेअर समजून धरलं. दोघांच्या मध्ये पेटीतला तो कागद कुठेच नाही.

तो कागद आता अडचणीचाही झाला आहे. १ एप्रिल २०१९पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी डिमॅट करावे लागतात. कंपनी कायद्याच्या १२४व्या कलमानुसार सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही, तर लाभांशच नव्हे, तो शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे जातो. मूळ मालकाला किंवा वारसाला तो परत मागता येतो, त्यासाठी आयईपीएफ-५ हा अर्ज आहे. वारसाला आधी शेअर आपल्या नावावर लावून घ्यावे लागतात : मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा, इतर वारसांची ना-हरकत, कागदी शेअरची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर कागदपत्रं थोडी सोपी, त्यावर गेली की मृत्युपत्राचं प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा वारसा दाखला. नावात आणि सहीत तफावत असेल तर ती जुनी खिडकी पुन्हा उघडते, फक्त आता ती संगणकावर असते.

कोणत्या नावाचा लाभांश पडून आहे हे कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं. गेली काही वर्षं मी या याद्या वाचते. त्या कंटाळवाण्या असतात : नाव, फोलिओ क्रमांक, रक्कम, कधी पत्ता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला; त्याआधी नोंदलेल्यांच्या पत्त्यात अजून ‘वसई, जि. ठाणे’ असं असतं, त्यावरून कागद किती जुना ते कळतं. बायकांची नावं पुष्कळ. अशा नावांपैकी एकीचं घर माझ्या ओळखीचं निघालं. सुनेला जाऊन सांगितलं. तिने सासऱ्यांची पत्र्याची पेटी काढली, त्यात लग्नाच्या पत्रिकांखाली एका सॉफ्टवेअर कंपनीचं प्रमाणपत्र होतं आणि न वटवलेली चार डिव्हिडंड वॉरंटं. सासूबाई बाजूलाच बसल्या होत्या, वय ऐंशीच्या पुढे. फॉर्मवर सही करायची म्हणून त्यांनी चष्मा मागितला आणि विचारलं, “पूर्वीसारखी करू की आतासारखी?”